दोन दिवसांचं, मग मानवेल तसं

माझं लग्न जमलं ते गॅसमुळे. (स्वयंपाकाच्या नव्हे. त्यासाठी आम्ही नंबर लावून बसलो होतो आणि तो काही येत नव्हता.) पोटातल्या गॅसमुळे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नाशकात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. अंगाने किडकिडीत, पण पोट मात्र स्वतंत्र वृत्तीचं. सकाळी ते माझ्याबरोबर मुकाट्याने कामावर यायचं, मधल्या सुट्टीत मिसळ खायचं आणि दुपार कलेपर्यंत असं टम्म फुगायचं की टेरिकॉटच्या पँटचं बटण सोडून, त्यावर फाइल धरून मला साहेबांसमोर उभं राहावं लागायचं. एकदा साहेबांनी तीच फाइल मागितली. त्यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

घरी आम्ही तिघं. आप्पा, म्हणजे माझे थोरले काका, काकू आणि मी. माझे आईवडील लवकर गेले, तेव्हापासून या दोघांनीच मला वाढवलं. आप्पांची पंचवटीत पिठाची गिरणी होती. आयुष्यभर त्या घरघरीत उभं राहून त्यांचे कान पार गेले होते, पण ते त्यांना मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, हल्ली लोकच पुटपुटतात. मूळचे ते सटाण्याकडचे. नाशकात इतकी वर्षं काढून बोलणं बरंचसं शहरी झालं, तरी काही शब्द त्यांनी गावाकडून आणले ते तसेच वापरले. लग्नाला ते कधीही लग्न म्हणाले नाहीत. 'लगन' म्हणायचे. आणि दिवसातून चारदा म्हणायचे, कारण माझं होत नव्हतं.

होत नव्हतं कारण मी करत नव्हतो. मुलगी बघायला जायचं म्हणजे चारचौघांत मांडी घालून बसायचं. माझं पोट मांडी घातली की बोलायला लागे. गुरगुर, मग शांतता, मग एक लांबलचक सूर. तेव्हा मी दर वेळी एकच सांगायचो, "आप्पा, आधी हे पोट जागेवर येऊ दे, मग बघू."

"लगन झालं की सगळं जागेवर येतं," आप्पा म्हणायचे.

शेवटी काकूच वैतागली. "ते पोट एकदा वैद्यबुवांना दाखवून आण. रोज रोज ओवा भाजून माझा तवा काळा पडला."

वैद्यबुवा जुन्या नाशकात बसायचे. उंच, गोरे, आणि बोलणं इतकं शुद्ध की त्यांना नमस्कार करायच्या आधी आपण चूळ भरायला हवी होती असं वाटे. आप्पा सोबत आले होते. वैद्यबुवांनी मला आडवं केलं आणि पोटावर बोटं वाजवली. पोटाने उत्तर दिलं.

"जेवताना बोलता?"

"बोलतो."

"भूक नसताना खाता?"

"मिसळीला भूक कशाला लागते?" मी म्हणालो.

वैद्यबुवांनी डोळे मिटून घेतले. मग एकेक गोष्ट सांगायला लागले. मिसळ बंद. शेव, वाटाणे, वाल, शिळं, मैद्याचं बंद. पहिला घास भात-तुपात हिंग्वाष्टक चूर्ण कालवून घ्यायचा. जेवताना मध्ये मध्ये कोमट पाणी, जेवणानंतर शतपावली, रात्रीचं जेवण दिवेलागणीला. ताकात जिरं आणि सैंधव. नाशिकचा माणूस मिसळीवाचून जगवायची ही योजना ऐकून मी हबकूनच गेलो होतो, त्यामुळे शेवटचं मुख्य औषध मला त्यामानाने सोपं वाटलं.

"आणि सर्वांत महत्त्वाचं, लंघन," वैद्यबुवा म्हणाले. "लंघनासारखं औषध नाही. पहिलं दोन दिवसांचं करा. मग मानवेल तसं."

आप्पा ताडकन उठले आणि वैद्यबुवांच्या पाया पडले. वैद्यबुवा गांगरले. उपास सांगितल्याबद्दल आजवर त्यांच्या कुणी पाया पडलं नसावं.

बाहेर आल्यावर आप्पांनी माझा हात धरला. "करशील ना?"

"करतो की. एवढं सांगितलंय तर करायलाच पाहिजे."

"ऐन वेळी मागे फिरणार नाहीस?"

"आप्पा, इतका वैतागलोय मी या पोटाला, आज म्हणाल तर आज सुरू करतो."

"आज कसं जमेल? तयारी नको?"

"त्याला कसली तयारी? नुसतं गरम पाणी. आणि हे बघा, गावभर सांगत बसू नका. लोक उगाच आग्रह करतात."

"तू म्हणशील तसं. थोडक्यात उरकू."

"काकूला मात्र सांगा, नाहीतर बिचारी स्वयंपाक करून बसेल."

"स्वयंपाक तर करावाच लागेल रे," आप्पा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझ्या दोन दिवसांच्या उपासाने आप्पांना भरून यावं, याने मीही गहिवरलो. मायेचा माणूस, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा गिरणी बंद ठेवून सकाळच्या एसटीने कुठेतरी गेले. आप्पांनी गिरणी बंद ठेवणं हाच मोठा धक्का होता, पण उपाशी माणसाचं डोकं चालत नाही. मी गरम पाणी पीत पडून राहिलो. काकू येता-जाता माझ्याकडे बघून गालात हसायची. "खा रे थोडं," म्हणाली. मी नको म्हटलं, तर म्हणते, "यांनीही असंच केलं होतं. आठवडाभर घास उतरला नव्हता." मला वाटलं, आप्पांनाही पोटाचा त्रास होता की काय.

लंघनाचे दोन दिवस संपले आणि आप्पा परतले ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊनच. "तोंड उघड."

"आप्पा, चालत नाही. आजपासून मुगाचं कढण घ्यायचंय. लंघन झालंय ना."

"झालं कुठे? आत्ता तर ठरवून आलो," असं म्हणून त्यांनी पेढा माझ्या तोंडात कोंबला. "सटाण्याच्या दोधूनानांची मुलगी. शाळेत मास्तरीण आहे. रविवारी बघायला जायचं. मी शब्द दिलाय."

माझी वाचाच बसली. (पेढाही होताच.) मी थेट स्वयंपाकघरात काकूकडे गेलो आणि जमेल तसं सगळं सांगितलं. वैद्यबुवा काय म्हणाले, आप्पांना काय ऐकू आलं. काकूच्या हातातली पळी तशीच राहिली. मग ती खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि हसता हसता तिला ठसका लागला. हसून झाल्यावर डोळे पुसत ती एकदम करड्या आवाजात म्हणाली, "त्यांना सांगशील तर बघ. कान गेलेत एवढं हा माणूस कबूल करत नाही. त्यांनी सटाण्याला जाऊन शब्द दिलाय. आता ऐकण्यात चूक झाली म्हटलं, तर ते गावात पाय ठेवतील का कधी?"

"अगं पण माझं लग्न?"

"बघून ये आणि नाही म्हण. मुलगी बघून नाही म्हणण्यात कुणाची अब्रू जात नाही."

तर मी रविवारी सटाण्याला गेलो तो पक्का नकार घेऊन. एका बाजूला आप्पा नवी टोपी घालून, दुसऱ्या बाजूला काकू, आणि पोटात चार दिवसांचं कढण.

दोधूनाना कांद्याचे व्यापारी. मोठ्या मिशा, थोडं बोलणं. शहरातल्या माणसांशी ते बेतशीर मराठी बोलत, आणि राग आला की थेट अहिराणीत उतरत. (हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर आधीच सावध झालो असतो.) ओसरीवर सतरंजी होती. मी देवाचं नाव घेऊन मांडी घातली.

नानांची मुलगी सुमन पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मागून कांद्याची गरम भजी आली. आता खरं सांगतो, चार दिवस मुगाच्या पाण्यावर काढलेल्या माणसाने आधी भजी बघितली. मुलगी नंतर.

काकूने विचारलं, "तुला काही विचारायचं असेल तर विचार गं याला."

सगळ्या मुली मान खाली घालतात अशी माझी समजूत होती. सुमनने सरळ माझ्याकडे बघितलं. "काय आवडतं तुम्हाला खायला?"

"मिसळ," मी म्हणालो. "पण बंद आहे."

"कोणी बंद केली?"

"वैद्यांनी."

"नाशकात राहून मिसळ बंद?" ती म्हणाली. "मग बदली तरी मागून घ्या."

आणि गडबड झाली ती इथे. मला ती आवडली. एकदम, सपशेल आवडली. सटाण्यापर्यंत जपून आणलेला नकार मी भज्याबरोबर गिळून टाकला आणि आणखी चार भजी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाशीतरी लग्न करावंसं वाटत होतं आणि काका शब्द देऊन बसले होते. इतकं सोपं कधी काही माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

तेवढ्यात आप्पांनी गिरणीवरच्या आवाजात मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आमचा मधू लगनाला तयारच होत नव्हता हो. शेवटी वैद्यांनी सांगितलं, लगन हेच औषध! तेव्हा कुठे तयार झाला."

आतून डोकावणाऱ्या बायका आणखी पुढे आल्या. नानांनी बशी खाली ठेवली. "कोणतं दुखणं आहे मुलाला?"

आप्पांना 'दुखणं' ऐकू आलं नाही, 'दुकान' ऐकू आलं. "तसं नाही, गिरणी म्हणा," असं ते म्हणाले असते तरी चाललं असतं. पण आप्पा म्हणाले, "आमच्या वडिलांपासून आहे. मी सगळा जन्म त्यातच काढला. आता पुढे याच्याकडेच यायचं."

मी घाईघाईने तोंड उघडलं, "नाना, तसं काही नाही, साधं पोटाचं—" आणि त्याच क्षणी पोटाने स्वतःच बोलायला सुरुवात केली. गुरगुर झाली, थांबली, आणि मग तो लांबलचक सूर निघाला. नाना माझ्या पोटाकडे बघत राहिले. नानांच्या आई आत जाऊन मीठमोहऱ्या घेऊन आल्या. त्या मला वाईट नजर लागली म्हणून आणल्या होत्या की मीच सुमनला लावीन म्हणून, ते अजून कळलेलं नाही.

"कळवतो," नाना म्हणाले.

पुढे बरेच दिवस निरोप नाही. आप्पा रोज गिरणीच्या दारात उभे राहून सटाण्याकडून येणाऱ्या माणसाची वाट बघायचे. एकदा जेवताना ते हळूच म्हणाले, "माझंच काही चुकलं का रे बोलण्यात?" आप्पा हळू बोलतात हे मला तोवर माहीत नव्हतं. नाही म्हणायला गेलेला मी, आता तिकडून नाही येईल या धास्तीने झोप उडालेला माणूस झालो होतो. आणि भज्यांनी पोट पहिल्याहून दुप्पट करून ठेवलं होतं.

शेवटी मी पुन्हा वैद्यबुवांकडे गेलो. भज्यांचं ऐकून त्यांनी मला एवढंच विचारलं, "जगायचंय का?" मग आतल्या खोलीत बाकावर उताणं झोपवलं, पोटाला कोमट एरंडेल चोळलं, बेंबीभोवती हिंगाचा जाड लेप दिला आणि सांगितलं, "वाळेपर्यंत हलायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही." पडदा ओढून ते बाहेर गेले.

मी हिंगाच्या वासात डोळे मिटून पडलो होतो. तेवढ्यात बाहेर आवाज आला तो दोधूनानांचा.

"पंचवटीतल्या गिरणीवाल्यांचा पुतण्या तुमच्याकडे येतो?"

"येतो की."

"त्याला लगन तुम्ही सांगितलं?"

"हो, लंघन मीच सांगितलं," वैद्यबुवा शांतपणे म्हणाले.

मी डोळे उघडले. नानांचे कान तर शाबूत होते. बांधावर उभं राहून त्यांना पलीकडच्या शिवारातलं ऐकू यायचं. पण सटाण्याकडे उपासाला उपासच म्हणतात. 'लंघन' हा शब्द त्यांच्या कानावर कधी पडलाच नसणार, आणि 'लगन' रोज पडत होता.

"कशासाठी?" नानांनी विचारलं.

"वात साचलाय. दुसरं काही करण्याआधी तेच करावं लागतं. पहिलं दोन दिवसांचं."

"दोन दिवसांचं आमच्याकडेही असतं. आणि नंतर?"

"मानवलं, तर दर पंधरा दिवसांनी पुन्हा करायचं."

"दर पंधरा दिवसांनी?" नानांचा आवाज चिरकला.

"मी स्वतः तरुणपणापासून करतोय. बघा प्रकृती."

"आणि घरातल्या बाई? त्या काही म्हणत नाहीत?"

"तीही करते. तिचं माझ्यापेक्षा कडक असतं. सुरुवातीला चिडचिड होते, मग शरीराला सवय लागते. आमच्या धाकट्याचंही मागच्या एकादशीला करून घेतलं. चौथीत आहे."

मला ओरडायचं होतं. पण बोलायचं नाही असं सांगितलेलं होतं. तेवढ्यात बाहेर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि नाना अहिराणीत उतरले.

"हाऊ काय प्रकार शे? मनी पोर काय दवाई शे का? पंधरा दिवसमा फेकी देवानी? चाल व सुमन!"

सुमन! म्हणजे सुमनही बाहेर होती. मग मात्र मला राहवलं नाही. पडदा बाजूला सारून बाहेर धावलो. उघडा, एरंडेलाने चमकणारा, पोटावर पिवळ्या हिंगाचं मोठं वर्तुळ, आणि एका हाताने पँट धरलेली, कारण बटण अर्थातच सोडलेलं होतं.

"नाना, लगन नाही! लंघन! लंघन!"

"पुन्हा लगन?" म्हणत नाना दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी सुमनला आपल्यामागे घेतलं. वैद्यबुवा कळवळून म्हणाले, "लेप ओला आहे हो अजून."

नानांच्या पाठीमागून एक आवाज आला. आधी मला वाटलं, ती रडतेय. सुमन भिंतीला टेकून हसत होती. हसता हसता तिने नानांचा हात धरला. "नाना, लंघन म्हणजे उपास. उपाशी राहायचं. दर पंधरा दिवसांनी उपास, लगन नाही." मग तिने माझ्याकडे बघितलं. "आणि तुमच्या आप्पांनीही हेच ऐकलं, हो ना?"

मी मान हलवली.

नानांनी वैद्यबुवांकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं, आणि सगळा हिशेब मनात जुळवून घेतला. मिशीत हसू येत होतं. पण ते एकदम थांबले. "मंग लगनना इषय कोनी काढा?"

हा प्रश्न कुणाच्याच लक्षात आला नव्हता. उपास उपासाच्या जागी गेला, आणि लग्नाचं कुणी काही बोललंच नव्हतं असं निघालं. सुमनचं हसू हळूहळू मावळलं. ती जमिनीकडे बघायला लागली. पहिल्यांदाच मान खाली घालून.

आप्पा आठवले, गिरणीच्या दारात उभे असलेले. मी पँट घट्ट धरली. "वैद्यांनी नाही काढला, नाना," मी म्हणालो. "आप्पांनीही चुकून काढला. पण आता मी काढतोय. मला सुमनशी लग्न करायचंय. एकदाच."

नाना सुमनकडे वळले. ती खालीच बघत म्हणाली, "आधी शर्ट घाला म्हणावं त्यांना."

नाशिक-सटाण्याकडे याला होकार म्हणतात.

लग्न दोन दिवसांचं झालं. आमच्यात लग्न लागेपर्यंत नवरा-नवरी उपाशी राहतात, त्यामुळे वैद्यबुवा अक्षता टाकून झाल्यावर समाधानाने म्हणाले, "छान. दोन्ही एकदम झालं." खरं काय घडलं ते आप्पांना आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते मात्र गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "मुलगा लगनाला तयार नसेल तर त्याला आमच्या वैद्यांकडे न्या." कितीतरी आईबाप आपले धडधाकट मुलगे घेऊन तिथे गेले आणि पोरांना उपास पडला.

पथ्य मी अजून पाळतो, म्हणजे सुमन पाळवून घेते. पहिला घास हिंग्वाष्टकाचा, ताकात जिरं-सैंधव, दिवेलागणीला जेवण. मिसळ वर्षातून एकदा, लग्नाच्या वाढदिवसाला. पोट बरंचसं ताळ्यावर आहे. लंघनही चुकत नाही, कारण साधारण पंधरा दिवसांनी एकदा आमचं भांडण होतं. चूक बहुतेक वेळा माझी असते, त्यामुळे रुसतोही मीच. ताट बाजूला सारून बाणेदारपणे म्हणतो, "मला जेवायचं नाही."

माझी समजूत घालायला कुणीतरी येईल म्हणून मी थोडा वेळ बसून राहतो. सुमन माझ्या ताटातलं वांग्याचं भरीत शांतपणे आपल्या ताटात घेते आणि म्हणते, "बरं झालं. वैद्यांनी सांगितलेलंच आहे."